त्यांनी तुला ‘नाही’ म्हटलं, बरं झालं

मनू, काल फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं आणि गप्प बसले. “ताई, एवढं धावले मी त्यांच्यासाठी, आणि खोली बदलली तर साधं कळवलंसुद्धा नाही!” एवढं बोलून तू रडायलाच लागलीस. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर तुला ते रागावणं वाटलं असतं. आज घरात कोणी नाही, चहा केलाय, म्हणून लिहायला बसले.

एक आधीच सांगते. पहाडसिंगपुऱ्यातली तू शोधून दिलेली खोली सोडून ते येमेनी नवरा-बायको तुला न विचारता कटकट गेटला राहायला गेले, हे ऐकून मला बरं वाटलं. चिडू नकोस. तुझ्याशिवाय त्यांना घर मिळालं, आणि तुझं न ऐकण्याइतकी हिंमत त्यांच्यात आली. आपण ज्याला मदत करतो त्याला आपल्याला नाही म्हणता येतं का, हे मी कुठल्याही कामात सगळ्यात आधी बघते. त्यांना तुला नाही म्हणता आलं. हवं तर असं समज की तू पास झालीस. (त्या दोघांची नावं मी इथेही लिहीत नाही. तूही लिहू नकोस. त्यावर पुढे बोलायचंच आहे.)

आता शांतपणे जरा हिशेब मांड. तू त्यांच्याकडे कधीही जाऊ शकतेस, आधी फोन न करतासुद्धा. तुझं घर कुठल्या कॉलनीत आहे हेही त्यांना ठाऊक नाही. सना का सोडलं, घरातलं कोण गेलं, पैसे कोण पाठवतं, या बाळाच्या आधी एकदा दिवस गेले होते का, हे सगळं तू विचारलंस आणि त्यांनी सांगितलं. त्या वहिनीने तुला “तुझं लग्न का जमत नाही गं?” असं एकदा विचारलं असतं तर आठ दिवस तुझा चेहरा उतरला असता. त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स तुझ्या फाईलमध्ये आहे, व्हिसाचा फोटो मोबाईलमध्ये आहे. तू काही हे मुद्दाम जमवलं नाहीस, कामाच्या ओघात साठत गेलं. पण साठलंय, आणि ते त्यांच्या रोज ध्यानात असतं. तुला ते ध्यानात ठेवायची गरज पडत नाही, एवढाच तुमच्यातला फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

कागदांचं तर नीट समजून घे, कारण सगळा धाक तिथूनच सुरू होतो. भारताने निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणीवरही नाही. आपल्याकडे निर्वासितांचा म्हणून वेगळा कायदाच नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाण, सोमाली, येमेनी, म्यानमारचे लोक यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं दिल्लीतलं निर्वासितांचं कार्यालय करतं आणि एक ओळखपत्र देतं. त्यासाठी सचखंड एक्स्प्रेस पकडून दिल्लीला जायचं, मुलाखती द्यायच्या, वाट बघायची. एवढं करून ते ओळखपत्र म्हणजे इथे राहण्याचा हक्क होत नाही. कायद्याच्या लेखी माणूस परदेशी तो परदेशीच. आधी १९४६ चा कायदा होता, १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा लागू झाला, आणि व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलं तर तुरुंगाची तरतूद नव्यातही आहेच.

म्हणून आपल्या विद्यापीठात येणारी ही येमेनची, सुदानची मुलं कागदावर फक्त विद्यार्थी असतात. येताना खरोखर शिकायलाच आलेली असतात. मग मागे घर पेटतं. २०१४ च्या सप्टेंबरात हुथींनी सना घेतलं, २०१५ च्या मार्चपासून वरून बॉम्ब पडायला लागले. सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलात लढाई पेटली. शिष्यवृत्ती अडकते, घरून पैसे बंद होतात, परतायला गाव उरत नाही, आणि इकडे व्हिसा तर पुढच्या वर्षी संपणार. तो वाढवायचा तर कॉलेजचं बोनाफाईड हवं, भाडेकरार हवा, घरमालकाने भरलेला परदेशी भाडेकरूच्या नोंदीचा फॉर्म हवा, विदेशी नोंदणी कार्यालयाची मंजुरी हवी. या साखळीतल्या प्रत्येक माणसाला त्यांना खूश ठेवावं लागतं. बोनाफाईड देणारा कारकून, सही करणारा घरमालक, खिडकीपलीकडचा शिपाई. आणि तू. तू स्वतःला या रांगेत धरत नाहीस, मला माहीत आहे. पण त्यांच्या बाजूने बघितलं तर तू रांगेत सगळ्यात पुढे उभी आहेस, कारण घरमालकाशी बोलणारी तूच आणि कारकुनाला ओळखणारीही तूच.

या साखळीत राहून माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा तो ‘हो’ किती खरा धरायचा? तू म्हणालीस, “वहिनीला विचारलं, महिला दिनाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलशील का, ती लगेच हो म्हणाली.” म्हणणारच की गं! पुढच्या आठवड्यात तिला तुझ्याबरोबर घाटी रुग्णालयात दाखवायला जायचं होतं. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याचा होकार घेऊन आपण खूश होतो आणि वर म्हणतो, त्यांच्या संमतीनेच केलं. असा होकार आला की तो लगेच उचलू नये. चार दिवस जाऊ द्यावेत. मग ज्याच्याशी काम अडलेलं नाही अशा कोणाकडून, त्यांच्याच ओळखीतल्या एखाद्या मुलीकडून, पुन्हा विचारावं आणि सोबत सांगावं की नाही आलात तरी घाटीला जायचं ठरलंय ते ठरलंय. नंतरचं वाक्य फार महत्त्वाचं. ते तोंडाने स्पष्ट बोलावं लागतं, समोरच्याने समजून घेतलं असेल असं गृहीत धरून चालत नाही.

आपली आजी बार्शीची गोष्ट सांगायची, ती तू ऐकली नसशील, तू फार लहान होतीस. रझाकारांच्या वर्षी परांड्याकडची कितीतरी घरं रातोरात हद्द ओलांडून बार्शीला गेली होती. तिकडे भारताचं राज्य, इकडे निजामाचं. आजी तेव्हा नवी नवरी. एका बड्या वाड्याच्या ओसरीवर या सगळ्यांना जागा मिळाली. वाड्यातल्या बाईंनी आजीला एक नवंकोरं लुगडं दिलं. त्यानंतर वाड्यावर कोणी पाहुणी आली की हाक यायची, “सरे, ये गं जरा बाहेर, ते लुगडं नेसून ये.” आजी जायची, उभी राहायची, पाहुणी हळहळायची, आजी आत यायची. पोलीस ॲक्शन झाली, सप्टेंबरात निजाम शरण आला, सगळे गावी परतले. पुढे आयुष्यभर आजी त्या बाईंना वाईट म्हणाली नाही. एवढंच म्हणायची, “लुगडं लई चांगलं हुतं बाई. पण माझ्या अंगावर असलं तरी ते तिचंच हुतं.”

आणि वाड्यासमोर एक शिंप्याचं घर होतं. त्या घरच्या बाईने आजीला काहीही दिलं नाही, द्यायला तिच्याकडे होतं तरी काय. ती एक दिवस येऊन म्हणाली, तुमच्याकडं हातावरच्या बारीक शेवया करतात म्हणं, मला शिकवता का? दुपारभर दोघींनी शेवया वळल्या. आजीच्या तोंडी त्या शिंपिणीचं नाव शेवटपर्यंत होतं. वाड्यातल्या बाईंचं नाव मात्र तिला आठवायचं नाही, किंवा आठवत असून ती घ्यायची नाही.

म्हणून मी तुला नेहमी विचारते की त्यांच्याकडून तू काय घेतलंस. हसून टाळतेस तू. त्या वहिनीला अरबी स्वयंपाक येतो, तुला ऊठसूट मंदीचा भात खायची हौस. जा ना, शिकून घे. तिने जेवायला बोलावलं तर “नको नको, तुम्हाला कशाला त्रास” म्हणून उठू नकोस. पोटभर जेव. तिचा नवरा इंजिनिअर आहे, आपल्या बंटीचं गणित कच्चं आहे. थांब, इथे एक खड्डा आहे, तो आधी दाखवते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला पैसे घेऊन काम करायची परवानगी नसते. तुमच्या मदतीच्या ग्रुपमधल्या त्या काकूंनी मोठ्या मनाने त्याला आपल्या दुकानात हिशेबाला ठेवायची तयारी दाखवली ना, उद्या कोणी तक्रार केली तर काकूंना फार तर दोन फेऱ्या घालाव्या लागतील आणि त्याचा व्हिसा जाईल. आपल्या चांगुलपणाची किंमत दुसऱ्याने मोजायची, असे हे प्रकार असतात. तेव्हा शिकवणीचे पैसे वगैरे काढू नका. बंटी त्यांच्याकडे जाऊन बसेल, तू त्यांच्या बाळाला सांभाळशील, शेजारधर्मात जे चालतं ते चालू दे.

खरं सांगायचं तर या शहराला कोणी देणारं, कोणी घेणारं हा प्रकार नवा नाही. इथे कोण वरचा आणि कोण खालचा हे किती वेळा उलटंपालटं झालंय. ज्याने १६१० साली खडकी म्हणजे हे शहर वसवलं तो मलिक अंबर लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता, आणि हातोहात विकला जात आला त्या वाटेवर येमेनचं मोखा बंदर होतं असं इतिहासकार सांगतात. त्याने बांधलेल्या नहरीने शहराला शतकानुशतकं पाणी दिलं. तुझ्या वर्गातली ती चाऊस आडनावाची मुलगी, तिचे पूर्वज बहुधा हद्रामौतचे, म्हणजे आजच्या येमेनचेच. निजामाच्या फौजेत ते सैनिक म्हणून आले. त्यांचे जमादार एके काळी हैदराबादच्या उमरावांना कर्ज देत आणि वसुलीही करत. तेव्हा येमेनी माणसासमोर इथला माणूस अदबीने उभा राहायचा. आज कारकुनाच्या खिडकीपुढे येमेनी मुलगा उभा आहे. हे तुला अशासाठी सांगतेय की “बिचारे” हा शब्द तुझ्या तोंडात फार येतो. तो माणूस बिचारा नाही. त्याच्यावर वेळ आलीय.

मी हे काम पहिल्यांदा जवळून बघितलं ते किल्लारीच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. जवळपास आठ हजार माणसं गेली. आमच्या कॉलेजची एनएसएसची तुकडी औसा तालुक्यात गेली होती. तिथे जे दिसलं ते अजून डोक्यातून जात नाही. मदत घेऊन आलेली प्रत्येक गाडी थांबायची, उतरणारा प्रत्येक माणूस छावणीतल्या बायांना विचारायचा, “तुमच्या घरातलं कोण गेलं?” आणि त्या बाया सांगायच्या. नीट, क्रमाने, मुलांच्या वयासकट. कारण गाडीत चादरी होत्या. तुझ्या फील्डवर्कच्या डायरीत ‘विस्थापनाचा अनुभव’ असा रकाना आहे ना? तो रिकामा राहिला तर गाईड काय म्हणतील, ही तुझी काळजी. मनू, राहू दे रिकामा. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील, भांडी घासताना सांगतील, रिक्षात सांगतील. आणि लिहायचंच असेल तर नाव बदल, शहर बदल, बाळाचं वय बदल, आणि जमा करायच्या आधी त्यांना वाचून दाखव. जे खोड म्हणतील ते खोड. येमेनमधलं युद्ध संपलेलं नाही, तिकडे त्यांची माणसं आहेत. तुझ्या अठरा मार्कांच्या केस स्टडीतलं एक नाव तिकडे कोणाच्या हाती लागेल हे तुला नाही सांगता यायचं, मलाही नाही.

किल्लारीबद्दल आणखी एक. तेव्हा देणगीदार संस्था गावं दत्तक घ्यायच्या. शब्दच तो होता, दत्तक. अख्खं गाव, त्यातले म्हातारेकोतारे, सरपंच, सगळे एकदम लेकरं झाले. बावन्न गावं नव्या जागी उठली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, घरापासून घर लांब. शहरात बरं दिसतं ते. पण ज्या बाईची अर्धी दुपार शेजारणीच्या ओट्यावर जायची तिला तो ओटा नकाशात कुठेच सापडेना. विचारलं कोणी होतं तिला? त्याच वेळी आजूबाजूच्या हजाराहून जास्त गावांत दुसरं काम चाललं होतं. तिथे घरं पुरती पडलेली नव्हती, दुरुस्ती करायची होती. सरकार हप्त्याहप्त्याने पैसे देणार आणि माणूस आपलं घर आपण दुरुस्त करून घेणार. त्या गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने ते उभं केलं. त्या बायका इंजिनिअरला अडवून विचारायच्या की ही पट्टी इथेच का मारायची, हप्ता का अडला. त्यातल्याच बायका २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या. मदत घेतलेल्या बाया मदत करायला निघाल्या, आणि गुजरातमधल्या बायांनी त्यांना काय वाट्टेल ते विचारलं, कारण समोर बसलेलीचंही घर पडलं होतं. मला वाटतं, इतक्या वर्षांत मराठवाड्याने मदतीबद्दल जगाला शिकवावं असं जर काही केलं असेल तर ते हे.

तुमच्या ग्रुपमध्ये एकही येमेनी किंवा सुदानी माणूस नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? पंचवीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप, रोज त्यांच्याबद्दल चर्चा, त्यांच्या कागदांचे फोटो, आणि ज्यांच्याबद्दल चर्चा ते त्यात नाहीत. आधी ते फोटो सगळ्यांना पुसायला लाव. मग त्यांच्यातल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना बोलवा. त्यांना विदेशी नोंदणीचं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनी ते पाच-पाच वर्षं भोगलंय. आणि बोलावून चहा पाजून पाठवू नका. पैसे कोणाला द्यायचे हे ठरवताना त्यांना मत द्या. वादावादी होईल. त्यांच्यातही उत्तरेचे-दक्षिणेचे, या गटाचे-त्या गटाचे असतात, आपल्याच माणसाचं पुढे करणारे असतात. होऊ दे वाद. निर्वासितांनी आपला कारभार आपण बघितल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, सायबेरियाच्या छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालायच्या, चर्च त्यांचं, दवाखाना त्यांचा, स्काउट त्यांचे, कारभारही बराचसा त्यांच्याच हाती.  

न विचारता दिलेली मदत कशी असते, ते लॉकडाऊनमध्ये तू स्वतः पाहिलंस, तू तेव्हा बारावीला होतीस. चौकाचौकात खिचडीची पाकिटं वाटली जात होती, फोटो निघत होते. त्याच दिवसांत, २०२० च्या ८ मेला पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाचे. वीस जण रुळांच्या कडेकडेने भुसावळकडे निघाले होते. पाकिटं त्यांना वाटेत मिळाली असती. त्यांना गावी जायचं होतं. पास हवा होता, गाडी हवी होती. आपल्याकडे खिचडी होती, म्हणून आपण खिचडी दिली. मी काही वाटणाऱ्यांना नावं ठेवत नाही, तेव्हा तेही गरजेचंच होतं. पण ज्याच्या हातात पळी असते तोच ठरवतो की समोरच्याला भूक लागलीय. येमेनच्या त्या मुलांना तुम्ही दिवाळीत कपडे वाटलेत. त्यातल्या एकाने तरी कपडे मागितले होते का? मला तर वाटतं, एखादा वकील तासभर बसून व्हिसाचा अर्ज तपासून देईल, तर त्याची त्यांना दहा शर्टांपेक्षा जास्त गरज आहे.

आणि हो, त्यांच्यातल्या एकाच्या मोबाईलबद्दल तुमच्या काकू जे बोलल्या ते पुन्हा कोणी बोलू नये. “मदत मागतात आणि फोन बघा केवढा.” त्या फोनमध्ये त्याची आई आहे, मनू. तैझमध्ये वीज आली की ती दोन मिनिटं दिसते.

घाटीत गेलीस की नवरा दुभाष्या होतो, हेही मला खटकतं. डॉक्टर तिला विचारतात, तो उत्तर देतो, तू त्याचं ऐकून मान डोलावतेस. तिचं काय दुखतंय ते तिच्या तोंडून कोणी ऐकलंच नाही. शहरात अरबी येणाऱ्या बायका आहेत. मात्र परस्पर कोणाला घेऊन जाऊ नकोस. त्यांचं जग इथे फार लहान आहे, एकीला कळलं की सगळ्यांना कळतं. तिलाच विचार, कोण चालेल. कोणीच नको म्हणाली तर मोबाईलवरचं भाषांतर आणि खुणा, चालेल.

आता तुमच्या ग्रुपमधल्या त्या दादाचं. तू सहज सांगून गेलीस की तो सुदानी मुलींच्या खोलीवर रात्री किराणा द्यायला जातो, “स्वभावाने फार चांगला आहे गं.” असेल. तरी हे बंद करा, याच आठवड्यात करा. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमधला एक अहवाल बाहेर आला. त्यात धान्य वाटणारेच धान्याच्या बदल्यात मुलींचं शोषण करत असल्याचं पुढे आलं. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नियम घालून दिले. पैसे, काम, वस्तू यांच्या बदल्यात संबंध ठेवायला सक्त मनाई. आणि पुढे असंही लिहिलंय की मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यात असे संबंध असूच नयेत असं जोरदारपणे सुचवलं जातंय, कारण त्या नात्यात मुळातच बळ सारखं नसतं. प्रेम खरं असू शकत नाही का? असू शकतं. पण तिला किराणा बंद होण्याची भीती नसली पाहिजे, तेव्हा बघू. दादाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. किराणा दोघींनी मिळून द्यायचा, दिवसा द्यायचा, एवढा साधा नियम सगळ्यांना लावा म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही. त्या मुलींनाही कळू दे की तक्रार करायची तर कुठे करायची. अशा तक्रारींसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक समिती असते, आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बाईपुरता नाही. हे कागदावर लिहून, अरबीत करून, त्यांच्या हातात द्या. तुमच्यापैकीच कोणाविरुद्ध तक्रार असली तर ती तुमच्याकडे घेऊन येणं त्यांना जमणार नाही.

तुझ्या दुखावलेल्या मनाबद्दल मी अजून काहीच बोलले नाही ना? दुखलं असेल. दोन वर्षं झाली तू त्यांच्यात आहेस, बाळाला पहिल्यांदा अंघोळ घालताना तू होतीस. हे काही नाटक नव्हतं, त्यांच्याकडूनही नसावं. पण तू त्यांना मैत्रीण म्हणत असलीस तर मैत्रीत माणूस न सांगता घर बदलतं, फोन उचलत नाही, चार महिन्यांनी अचानक दारात उभं राहतं. तेवढी सूट दे. त्यांच्या नव्या पत्त्यावर आपणहून जाऊन उभी राहू नकोस, त्यांनी बोलावलं तर जा. घरमालकाला फोन करून “कसे आहेत ते” असंही विचारू नकोस. तुला वाटेल काळजीपोटी विचारलं, त्याला वाटेल काहीतरी गडबड आहे.

झेरॉक्सची ती फाईल मात्र त्यांना परत दे. ‘तुमचे कागद माझ्याकडे आहेत, कधी आणून देऊ?’ एवढाच मेसेज कर, खोलीचा विषय काढू नकोस. मोबाईलमधला व्हिसाचा फोटो पुस.

आणि मे महिन्यात तुझं एम.एस.डब्ल्यू. संपतं, त्यानंतर तू पुण्याला जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांना माहीत आहे का? पुढच्या व्हिसाची तारीख जुलैत येतेय ना. तुझ्या जागी बोनाफाईडला कोण जाणार, ते आत्ताच ठरवा, त्या माणसाची आणि त्यांची गाठ घालून दे, एक-दोन फेऱ्या त्याच्याबरोबर होऊ देत. तू जाणार आहेस हे त्यांना फेब्रुवारीतच सांग. मेमध्ये गाडीत बसून सांगू नकोस.